बूथ नाही, मग असा रंग कसा आला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पेट्रोल पंपावर विचारतात, लग्नाच्या हॉलबाहेर विचारतात, सिग्नलला शेजारच्या रिक्षातून मान बाहेर काढूनही विचारतात: ‘फियाट कुठल्या गॅरेजला दिली होती?’ घरीच रंगवली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘बूथ नसताना असा रंग येतो?’ बूथ म्हणजे गाडी रंगवायची बंदिस्त, गाळलेल्या हवेची खोली.

येतो. पण कुठला रंग मारायचा हे आधी ठरवावं लागतं, आणि ते गाडीकडे बघून नाही, गॅरेजकडे बघून. बहुतेक लोक उलटं करतात. आधी यूट्यूबवर आरशासारखी चकाकणारी गाडी बघतात, तोच रंग आणतात आणि मग आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये बूथ कसा उभा करायचा या विचारात पडतात.

माझी गाडी फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, साठच्या दशकातली, म्हणजे डुक्कर फियाटनंतरची आणि पद्मिनी हे नाव लागायच्या आधीची. चार मीटरला थोडी कमी लांब, जेमतेम दीड मीटर रुंद. घरी रंगवायला हा आकार फार सोयीचा, टपाच्या मध्यापर्यंत हात सहज पोचतो. गॅरेज म्हणजे पुण्यातल्या जुन्या बंगल्याच्या कडेची खोली: तीन बाजूंना भिंत, समोर शटर, मागे एक खिडकी आणि वरच्या मजल्यावर आईची खोली. ही आईची खोली लक्षात ठेवा, सगळा निर्णय तिच्यावर ठरला.

आज कुठल्याही गॅरेजात विचारा, पीयूच, म्हणजे पॉलियुरेथेन रंगच सांगतील. रंग आणि त्याला कडक करणारा हार्डनर असे दोन डबे, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळायचे, मारायचं, वरून क्लिअरचा पारदर्शक हात. चकाकी थेट फवाऱ्याच्या गनमधून येते, पेट्रोल सांडलं तरी डाग पडत नाही, उन्हात वर्षानुवर्षं टिकतो. सगळं खरं आहे. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गनमधून त्याचे बारीक तुषार हवेत तरंगतात, आणि थिनरचा वास येतो तसा त्याचा येत नाही. त्यामुळे कार्ट्रिजवाला मास्क लावलात आणि कार्ट्रिजचा दम संपला, तरी नाकाला पत्ता लागत नाही. चांगल्या बूथमध्ये पेंटरला नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरवतात ती यासाठी. एकदा का शरीराने आयसोसायनेटशी वाकडं घेतलं की दमा जडतो, आणि पुढे अगदी थोडक्या वाफेनेही छाती भरून येते. असे पेंटर हा धंदाच सोडतात, दुसरा इलाज नसतो. आपल्याकडे रस्त्याकडेच्या गॅरेजात तोंडाला रुमाल बांधून पीयू मारतात. त्या रुमालाने फक्त मिशा रंगायच्या वाचतात.

आणि माझ्या गॅरेजच्या डोक्यावरच आईची खोली. म्हणून मी एनसी मारला. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. जुने पेंटर त्याला अजून ड्युकोच म्हणतात, ते ड्युपॉन्ट कंपनीच्या रंगाचं नाव. १९२३ साली अमेरिकेत ओकलंड गाड्यांना तो लागला. त्याआधी बग्गीला देतात तसे तेल-वार्निशचे हात द्यायचे आणि वाळायला आठवडे जायचे. एनसीत हार्डनरची भानगड नाही. थिनर उडाला की रंग वाळला, परत थिनर लागला की परत विरघळला. बूथ नसलेल्या माणसाला यासारखी सोय नाही. डास बसला, धूळ बसली, ओघळ आला, तर वाळू द्यायचं, पाणी पेपरने, म्हणजे ओल्या घासकागदाने घासायचं आणि वरून पुढचा हात द्यायचा. नवा हात जुन्यात मुरतो, जोड दिसत नाही. शिवाय काही मिनिटांतच तो इतका सुकतो की नंतर बसलेली धूळ फडक्याने निघते.

त्याचे नखरेही ऐकून ठेवा. थर पातळ बसतो म्हणून हात जास्त द्यावे लागतात, आणि अति दिले तर काही वर्षांनी भेगा पडतात. चकाकी आपोआप येत नाही, घोटून काढावी लागते. पेट्रोलच्या झाकणाखाली ओघळ गेला की तिथली झाक जाते, म्हणून पंपावर मी स्वतः उतरून फडकं धरून उभा राहतो. पंपावरची पोरं हसतात, हसू देत.

आता गाडीवर आधीचा रंग कोणता आहे ते कळल्याशिवाय एनसीचा डबा उघडू नका. पांढऱ्या चिंधीवर एनसी थिनर घ्यायचं आणि दाराच्या आतल्या कडेला अर्धा मिनिट दाबून धरायचं. चिंधीला रंग उतरला तर खाली एनसी आहे, बिनधास्त पुढे जा. रंग फुगून त्याला सुरकुत्या आल्या तर सिंथेटिक इनॅमल. त्याच्यावर एनसी मारलात तर साऱ्या बॉनेटवर त्याच सुरकुत्या येणार. काहीच झालं नाही तर पीयू असण्याची शक्यता जास्त. आमच्या फियाटवर हे तिन्ही होते, वेगवेगळ्या मालकांच्या कृपेने, म्हणून सगळंच पत्र्यापर्यंत उतरवलं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासू नका. पाणी घ्या, मास्क लावा, आणि तो लगदा झाडांच्या आळ्यात ओतू नका.

रंग उतरला की गाडी खरं बोलायला लागते. लोहचुंबक घेऊन फिरा. जिथे चिकटत नाही तिथे वर पत्रा नाही, जाड पटीन आहे, म्हणजे खड्डे बुजवायची लांबी. फियाटमध्ये दारांचे तळ, हेडलाइटच्या भोवती, बॅटरीखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात आणि पुढच्या काचेच्या रबराखाली हमखास गंज सापडतो. सगळ्यात वाईट म्हणजे दाराखालची लांब पेटी. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. ती पेटी सडली असेल आणि वरून कोणी पटीन भरून रंग दिला असेल, तर ती गाडी दिसायला देखणी आणि बसायला धोक्याची. तिथे नवा पत्रा कापून वेल्डिंगच हवं. वेल्डिंगला मी डेंटिंगवाले मिस्त्री घरी बोलावले. ज्याचं काम त्याला द्यावं.

उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर. त्याच्यात दोन डबे असतात, पण त्याचा हार्डनर बहुधा वेगळ्या जातीचा असतो, आयसोसायनेट नसतं. डब्यावरची माहिती वाचून घ्याच. त्यावर पटीन, पातळ, फक्त खोलगट राहिलेलं भरायला. त्यावर एनसी सरफेसर, म्हणजे घासून सपाट करायचा थर. आणि मग थांबा. सरफेसर आठवडेच्या आठवडे आतून आक्रसत राहतो. घाईने वर रंग दिला तर आज सपाट दिसणारी बॉनेट पुढच्या महिन्यात घासल्याच्या रेघा दाखवते.

तुम्ही ज्या रंगाचं कौतुक करता तो खरं तर या पुढच्या टप्प्यात होतो, आणि त्यात गनला फारसं काम नसतं. सरफेसर पूर्ण वाळला की त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा उडवायचा, मिरपूड भुरभुरल्यासारखा. मग लाकडी ठोकळ्याला ४०० नंबरचा पाणी पेपर गुंडाळायचा, बादलीत साबणाचे दोन थेंब टाकायचे आणि तिरक्या हाताने घासायला लागायचं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. उंचवट्यावरचा काळा लगेच जातो. जिथे काळा डाग चिकटून राहतो तिथे खड्डा. नुसत्या डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. तळहाताला कळतं, पण त्यासाठी हातात पातळ सुती फडकं धरून डोळे मिटून फिरवावं लागतं. आमच्या डाव्या मागच्या मडगार्डवर, चाकाच्या कमानीच्या वर, असा एक काळा चंद्र होता तो जाता जाईना. पुन्हा पटीन, पुन्हा सरफेसर, पुन्हा काळा फवारा. ठोकळ्याशिवाय नुसत्या बोटांनी घासलंत तर बोटांच्या मधल्या खाचा पत्र्यावर उमटतात, आणि त्या दिसतात कधी, तर रंग चकाकायला लागल्यावर. ४०० नंतर ६००, संपूर्ण गाडी. बोटांची टोकं सोलवटतात. हे काम रोज संध्याकाळी रेडिओ लावून करायचं असतं, रविवारी एका दमात उरकायचं नसतं.

मुहूर्त म्हणाल तर दिवाळीनंतर ते होळीच्या आत, सकाळी दव उडून गेल्यावर. पावसाळ्यात एनसी पांढुरका पडतो. थिनर झपाट्याने उडताना पत्रा गार पडतो आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगावर बसतं, बाकी कारण काही नाही. मे महिन्यात उलटं होतं, रंग गाडीपर्यंत पोचेपोचेपर्यंत अर्धा सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. त्यावर सावकाश उडणारं थिनर मिळतं, पण पुण्यात इतका चांगला हिवाळा असताना कशाला?

कंप्रेसरच्या बाबतीत कंजुषी नको. गनच्या पाकिटावर तिला मिनिटाला किती घनफूट हवा लागते ते लिहिलेलं असतं, बहुतेकींना दहा-बारा. एक एचपीचा छोटा कंप्रेसर त्याच्या निम्मीही देत नाही. अर्ध्या दारातच दाब पडतो आणि रंगाऐवजी शिंतोडे येतात. हवेतलं पाणी काढणारा सापळा कंप्रेसरला चिकटवू नका. लांब नळीतून हवा गार झाली की मगच तिच्यातलं पाणी सुटतं, म्हणून सापळा गनच्या बाजूला.

आगीचं बोलतो, इथे चेष्टा नाही. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि लांबवर ठिणगी शोधते. म्हणून कंप्रेसर अंगणात, सगळी बटणं आधीच चालू-बंद करून ठेवलेली, गॅस गिझर बंद, आणि त्या दिवशी घरात देवापुढे उदबत्तीसुद्धा नाही. साधा एक्झॉस्ट फॅन रंगाची हवा स्वतःच्या मोटरवरून ओढतो, तो नकोच. मी मागच्या खिडकीत बाहेरची स्वच्छ हवा आत ढकलणारा पंखा बसवला, त्याच्यावर गाळणीचं कापड, आणि ती हवा अर्ध्या उघड्या शटरखालून बाहेर. जमीन ओली ठेवायची, धूळ उडत नाही. एनसीचा कोरडा भुगाही भडकन पेटतो, तो ओल्या फडक्यानेच टिपायचा. आणि एनसी आहे म्हणून मास्कला सुट्टी नाही. त्याच्यासाठी वाफेचं कार्ट्रिज आणि त्यावर धुळीची गाळणी पुरते, पण कार्ट्रिज ताजं हवं. आईला दिवसभर मावशीकडे पाठवलं होतं. तिला वाटलं माहेरपण.

गन पत्र्यापासून वीतभर, सगळीकडे तेवढीच. मनगट वळवायचं नाही, अख्खा हात सरकवायचा. फवारा पत्र्याच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच संपवायचा, आणि पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. टप सगळ्यात आधी. अलीकडच्या कडेपासून मध्यापर्यंत जायचं, नळी खांद्यावर टाकून लगबगीने पलीकडे, आणि मध्यापासून तिकडच्या कडेपर्यंत. मधली कड ओली असतानाच पलीकडे पोचलं पाहिजे, नाहीतर तिथे खरखरीत पट्टा राहतो. नळी टपाला टेकली तर काय होतं ते सांगत बसत नाही.

रंगाची छटा सापडली ती ग्लोव्ह बॉक्स काढल्यावर, डॅशबोर्डच्या मागे: फिकट राखाडी-हिरवी, ऊन न बघितलेली. दुकानात ती जुळवून घेताना ट्यूबलाइटखाली मान डोलवू नका. पत्र्याच्या तुकड्यावर मारून उन्हात नेऊन बघा, आणि लागेल त्यापेक्षा जास्त रंग एकाच वेळी कालवून घ्या. मूळचाच रंग दिल्याचा एक कागदी फायदाही आहे. आरसी बुकात रंग नोंदलेला असतो, बदलला की आरटीओची पायरी चढावी लागते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. मी घेतलेली नाही, कारण मग गाडी रॅली-प्रदर्शनापुरतीच काढायची, मंडईत नेता येत नाही.

शेवटचा हात दिल्यावर काही आठवडे गाडीला हात लावू नका. मग १५००, २००० चा पाणी पेपर, रबिंग कंपाउंड, पॉलिश. कडांवर जपून, तिथे रंग पातळ असतो आणि पाहता पाहता प्रायमर डोकावतो.

आणि एवढं ऐकूनही ज्यांना पीयूच हवा असेल, त्यांनी सरफेसरच्या घासणीपर्यंत सगळं घरी करावं. प्रायमरचा डबा वाचून घेतलात तर त्यात आयसोसायनेट कुठे येत नाही, आणि निम्म्याहून जास्त मेहनत तिथेच असते. मग गाडी ट्रेलरवर चढवून ज्याच्याकडे खरा बूथ आणि हवेचा मास्क आहे त्याच्याकडे रंगाला न्यावी. नेताना मात्र त्याला बजावून सांगावं की घासलेल्या पत्र्याला उघड्या हाताने शिवू नको, बोटांचं तेल लागलं की तिथे रंग फाटतो. आणि रंग देताना मास्क कुठला लावतोस, तेही विचारून घ्यावं.