बाजेवरचा एक्स-रे

वृद्धाश्रमातल्या आजीला तालुक्याला एक्स-रेच्या फोटोसाठी न्यायचं म्हणजे बाजेवरून गाडीत, गाडीतून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून टेबलावर आणि मग तसंच परत. गोंदिया-गडचिरोलीकडच्या रस्त्यांवर हे हेलपाटे दुखण्यापेक्षा जड जातात. पोर्टेबल मशीन दारात येत असेल तर बोलवाच, पण कशासाठी हे आधी ठरवा.

छातीसाठी ती चांगली. न्यूमोनिया, छातीतलं पाणी, टीबी यांचा अंदाज जागेवरच येतो. टीबीच्या मोहिमेत ६० वर्षांवरची माणसं जोखमीच्या गटात धरली आहेत, तेव्हा आशाताईंना विचारा. शिबिराची मशीन जवळपास येणार असेल तर छातीचा फोटो फुकटात होतो.

खुब्याचं तसं नाही. पडल्यावर पाय आखूड दिसतोय, पंजा बाहेर वळलाय, हलवलं की ओरडतात? मशीनची वाट पाहू नका. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून हलकेच बांधा आणि हाडाच्या दवाखान्यात न्या. हातात धरायच्या मशीनची ताकद कमी, खुबा जाड. फोटो दाणेदार येतो आणि बारीक चीर सुटते. फोटो साफ आला तरी पायावर भार देता येत नसेल तर सीटी किंवा एमआरआय लागतोच.

आता बाज. सुतळीच्या बाजेवर फोटो जिच्यावर उमटतो ती १४ बाय १७ इंचांची प्लेट पाठीखाली सरकवली की ती झोळात बसते, एका कडेला तिरपी होते आणि दोन्ही फुप्फुसं सारखी दिसत नाहीत. प्लेटखाली प्लायवूडची फळी टाका. बाज भिंतीपासून ओढून दोन्ही बाजूंना उभं राहण्याइतकी जागा करा. बसवता येत असेल तर बसवूनच काढा, कारण आडवं असलं की पाणी पाठीकडे पसरतं आणि नुसता धूसरपणा दिसतो. पाठीला बाक असेल तर डोक्याखाली उशी हवी, नाहीतर हनुवटी फुप्फुसाच्या शेंड्यावर येते.

ताईत, मंगळसूत्र, बंडीच्या खिशातली चुन्याची डबी आधीच काढा. खुब्याचा फोटो असेल तर करदोडा आणि ओला डायपरही. पाठीखालची कातडी गोळा झाली तर तिची घडी फोटोत फुप्फुस फाटल्यासारखी दिसते, म्हणून ती ताणून घ्या. ‘श्वास धरा’ सांगून न कळणाऱ्यांचं पोट बघावं. श्वास भरल्या क्षणी बटण दाबायचं.

मशीनवाल्याकडे एईआरबीचा, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का, हे विचारायला लाजू नका. १ मीटरवर किरणांचा जितका मारा, २ मीटरवर त्याच्या चौथाई. बाकीच्यांना तेवढं मागे सारा. धरायला कुणी लागलंच तर शिशाचा ॲप्रन घालून, गरोदर बाई किंवा १८ च्या आतलं कुणी नको.

मे महिन्यात सकाळी ९ च्या आत बोलवा. चंद्रपूरच्या उन्हात बंद गाडीत राहिलेली प्लेट आणि तिची बॅटरी दोन्ही दगा देतात.

फोटोवर नाव, तारीख, डावं-उजवं आणि ‘झोपून’ की ‘बसून’ हे हवंच. झोपून समोरून काढलेल्या फोटोत हृदय मोठं दिसतं, आणि हे लिहिलं नसेल तर वाचणारा हृदय वाढलंय म्हणतो. नागपूरच्या रेडिओलॉजिस्टला मशीनमधली मूळ डायकॉम फाइल (एक्स-रेची पूर्ण तपशिलाची फाइल) पाठवा. रेंज नसेल तर पेनड्राइव्हवर घेऊन रेंजमध्ये जा, पण स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका.