खारा वारा आणि घाटातलं धुकं: गाडीच्या एसी-हीटरबरोबर हर्णै ते आंबोली

हर्णै बंदरात मासळीचा लिलाव चालू असताना गाडी घेऊन खाली उतरायचं असेल, तर हवेचं बटण आधी ‘आतली हवा’वर करा. ओल्या कूलिंग कॉइलला (हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीला) वास चिकटतो आणि मग आंबोलीला पोचेपर्यंत सुक्या बोंबलांची सोबत राहते. परफ्युमची बाटली लटकवून काही होत नाही. मुक्काम यायच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवला की कॉइल बरीचशी सुकते. बुरशी धरत नाही आणि वासही बसत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने ही सवय लावून घ्यावीच.

रोहिणी संपत आलेल्या, मृग दाराशी आलेला. हर्णैहून दाभोळ, गुहागर, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि शेवटी सावंतवाडीवरून आंबोली, असा रस्ता धरला होता. एसीची आणि हीटरची परीक्षा घ्यायला याहून चांगला रस्ता नाही. खाली खारी, जड हवा आणि वर ६९० मीटरवर धुकं, तेही एकाच दिवसात. सोबत टोकदार थर्मामीटर, हाय-लो गेजचा सेट (एसीच्या गॅसचा जास्त आणि कमी बाजूचा दाब मोजणारे दोन मीटर), टॉर्च आणि साबणाच्या पाण्याची बाटली होती.

थर्मामीटर मधल्या झरोक्यात खोचला, ब्लोअर दोनवर, आतली हवा चालू. दहा मिनिटांनी आकडा ११ अंशांवर थांबला. देशावरून आलेला माणूस म्हणेल, गॅस कमी आहे. नाही. किनाऱ्यावर एसीची निम्मी ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. १ लिटर पाणी कॉइलवर जमवायचं म्हणजे हवेतून साधारण ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता उपसावी लागते. जूनच्या तोंडावर कोकणात झरोक्यात १० ते १३ अंश मिळाले तर तक्रार करू नये. तीच गाडी कोरड्या हवेत ६-७ अंश सहज दाखवते.

हे पाणी गाडीखाली टपटपत राहिलं पाहिजे. टपटपत नसेल आणि डाव्या बाजूच्या पायाखालचं मॅट ओलं लागत असेल, तर निचऱ्याची नळी तुंबलीय. कोकणात त्यात लाल माती आणि कॉइलवरचा चिकटा मिळून गाळ होतो. खालून हळू हवा मारली की गाळ निघतो. तार खुपसू नका, कॉइल ॲल्युमिनियमची असते.

दाभोळच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघत पाऊण तास गेला. रांगेत इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांकडे बघावं. चालत्या गाडीत गार आणि थांबलं की कोमट, अशी तक्रार असेल तर दहापैकी आठ वेळा दोष कंडेन्सरच्या (गाडीच्या पुढच्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) पंख्यात असतो. एसी लावला की पंखा लगेच किंवा काही सेकंदांत फिरायला हवा. फिरला नाही तर आधी फ्यूज बघा, मग रिले (पंख्याला वीज सोडणारा स्विच), मग पंख्याचा कनेक्टर. किनाऱ्याच्या गाड्यांत कनेक्टर उघडला की पितळी पिनांवर हिरवी भुकटी दिसते. ती घासून काढून वर सिलिकॉन ग्रीस लावायचं. पंख्याची मोटर बदलायची पाळी त्यानंतर.

धोपाव्याला उतरून गुहागर गाठलं, तवसाळवरून दुसरी फेरी, मग जयगड, गणपतीपुळे. आरे-वारेच्या रस्त्यावर लाटांचे तुषार थेट काचेवर येतात, तेवढेच बंपरच्या जाळीतून कंडेन्सरवरही जातात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ॲल्युमिनियमच्या पाती पांढऱ्या पडून भुगा होतात. उपाय साधा आहे: आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने, नळीच्या साध्या धारेने धुणे. प्रेशर वॉशरची तोटी जवळ नेली की पाती आडव्या होतात आणि हवा जायची वाट बंद. आणखी एक, समुद्राकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याने धुणं म्हणजे मिठावर मीठ.

गळती शोधायला लाल माती उत्तम मदत करते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं (गॅस दाबून फिरवणाऱ्या यंत्राचं) तेलही थोडं बाहेर येतं आणि जांभ्याची धूळ त्याला चिकटते. पाईपच्या जोडाभोवती रुपयाएवढा तेलकट, काळपट-लाल डाग दिसला की तिथे साबणाचं पाणी लावा. बुडबुडा फार बारीक येतो, टॉर्च तिरपा धरून बघावा लागतो. असे डाग बहुतेक वेळा कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात आणि कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलपाशी सापडतात.

मालवणला एका गॅरेजबाहेर ‘गॅस संपलो’ हे ऐकलंच. गॅस संपत नसतो, तो पेट्रोल नव्हे. बंद नळ्यांतून फिरणारी वस्तू कमी झाली म्हणजे ती कुठून तरी बाहेर गेली. छिद्र न बुजवता भरलेला गॅस गणपतीपर्यंत टिकला तर नशीब.

भरताना वजन हाच खरा आधार. बॉनेटखालच्या चिठ्ठीवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात. लहान गाड्यांत आर-१३४ए हा गॅस साधारण ३५० ते ५०० ग्रॅम. इंजिन बंद असताना ३० अंश तापमानाला दोन्ही गेज सुमारे ९७ पीएसआय (दाबाचं एकक) दाखवतात, मग आत ४०० ग्रॅम असो की १५०. तो आकडा एवढंच सांगतो की आत थोडा तरी द्रव गॅस आहे. तेवढ्यावर ‘गॅस फुल आहे’ म्हणणाऱ्याकडे वजनकाटा नसतो.

गॅस भरण्याआधी पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून व्हॅक्यूम करतात, त्याची गंमत इथेच. ३० अंशांना पाणी उकळायला समुद्रकाठी गेजवर साधारण २८.७ इंच व्हॅक्यूम लागतो. सुई २८ वर अडली तर दिसायला छान, पण नळ्यांतला ओलावा जागच्या जागीच. तो मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (ज्यातून गॅस कूलिंग कॉइलमध्ये सुटतो त्याच्या) बारीक तोंडाशी गोठतो. लक्षण अगदी ठरलेलं: वीस मिनिटं गार, मग गरम हवा, एसी दहा मिनिटं बंद ठेवला की परत गार. कोकणात नळ्या उघडल्या असतील तर पंप अर्धा तास नाही, ४५ मिनिटं ते तासभर चालवा. मग वॉल्व्ह बंद करून पंधरा मिनिटं सुईवर नजर ठेवा, ती हलता कामा नये. ड्रायर (नळ्यांतला ओलावा शोषणारी डबी) नवीन टाका. कॉम्प्रेसरच्या पीएजी तेलाचा डबा उघडा ठेवून चहाला जाऊ नका, ते तेल हवेतलं पाणी पितं.

हेच काम घाटावर केलं तर आकडे बदलतात आणि तिथे मिस्त्री फसतो. दर हजार फुटांना गेजवरचा सर्वाधिक व्हॅक्यूम साधारण एका इंचाने उतरतो. आंबोलीला सुई २७.५ च्या पुढे जाणारच नाही. लेहला, ३,५०० मीटरवर, ती १९ च्या आसपास थांबते. पंप ठीक असतो, बाहेरचा हवेचा दाबच तेवढा. उलट एसी चालू असताना गेज खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं: आंबोलीला जेमतेम १ पीएसआय, लेहला ५ च्या वर. लो साइडच्या (कमी दाबाच्या बाजूच्या) ३० पीएसआयमध्ये ५ म्हणजे थोडं नव्हे. म्हणून उंचावर गेज बाजूला ठेवावं आणि वजनावर भरावं.

वेंगुर्ल्याहून सावंतवाडी, मग दाणोली, आणि घाट सुरू. चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की काही सेकंद एसी सुटतो, इंजिनचा कॉम्प्युटरच कॉम्प्रेसर तोडतो. तो बिघाड नाही. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा काटा वर सरकत असेल तर मात्र एसी बंद आणि हीटर पूर्ण गरम, ब्लोअर फुल, खिडक्या उघड्या. घामाघूम व्हाल, पण हीटर कॉइल हा छोटा रेडिएटरच आहे.

आणि याच ठिकाणी कोकणातल्या गाड्यांचं पितळ उघडं पडतं. खाली बारा महिने हीटरला कुणी हात लावत नाही. गरम-गारचा फ्लॅप जागच्या जागी आखडतो. कूलंटच्या जागी विहिरीचं पाणी ओततात, त्याचा गंज आणि क्षार हीटर कॉइलच्या बारीक नळ्यांत बसतो. भरीस भर म्हणजे ‘इंजिन थंड राहतं’ म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून फेकलेला असतो. मालवणात चालून जातं. लेहच्या रस्त्यावर एमएच-०७ची हीच गाडी आतून बर्फ होते, कारण थर्मोस्टॅटशिवाय थंडीत इंजिन तापतच नाही.

तपासणी दोन मिनिटांची. इंजिन तापल्यावर हीटर पूर्ण गरमवर करा आणि डॅशबोर्डमागे जाणाऱ्या दोन्ही होज पाईपांना हात लावा. दोन्ही गरम आणि हवा गार, तर फ्लॅप अडकलाय. एक गरम, एक कोमट, तर कॉइल तुंबलीय. दोन्ही कोमट, तर थर्मोस्टॅट नाही किंवा कूलंट कमी आहे. तुंबलेली कॉइल उलट्या दिशेने, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवा. आधी चहासारखं पाणी येतं, ते नितळ होईपर्यंत थांबायचं. मग कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. रेडिएटरचं झाकणही बघा. लेहला उघड्या भांड्यात पाणी ८८ अंशांना उकळतं, तिथे ०.९ बार दाब धरणारं झाकण नीट दाबून बसलं तरच ते ११२ पर्यंत तग धरतं. सैल रबराचं झाकण किनाऱ्यावर कळत नाही.

आंबोलीत धुकं एवढं की पुढच्या एसटीचे फक्त दिवे दिसत होते. काच आतून धुरकटली की लोक फडकं घेतात. एसी आणि हीटर दोन्ही एकदम लावा, हवा काचेवर, बाहेरची हवा आत. एसी हवा कोरडी करतो, हीटर तीच तापवतो, काच मिनिटभरात स्वच्छ.

उतरताना उलटं झालं. दाणोली जवळ येताच खालची उबदार, जड हवा लागली आणि थंड काच बाहेरून पांढरी पडली. आतून कितीही पुसलं तरी उपयोग नाही. झरोक्यांची दिशा काचेवरून पायांकडे वळवली, वायपर दोनदा फिरवला, आणि सावंतवाडीचा रस्ता परत दिसायला लागला.