जावई आणि घरचा पोर

शनिवारी रात्री लिनक्सचं कर्नल, म्हणजे संगणक चालवणारा त्याचा गाभा, अपडेट केलं, मशीन पुन्हा सुरू केलं, तर काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात नुसती एक पांढरी रेघ लुकलुकत होती. चूक माझीच. नव्या कर्नलसाठी ग्राफिक्स ड्रायव्हरचं, म्हणजे पडद्यावर चित्र आणणाऱ्या कार्डाला चालवणाऱ्या प्रोग्रामचं, मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) अजून बनत होतं, आणि मला रीस्टार्टची घाई. मग ग्रबमधून, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या यादीतून, जुनं कर्नल निवडलं, टर्मिनलवर मॉड्यूल पुन्हा बनवलं. चहा गार.

बंद ड्रायव्हर, ज्याचा कोड कंपनी कुणाला दाखवत नाही, तो म्हणजे जावई. अधिक महिना निदान तीन वर्षांतून एकदा येतो. इथे दर कर्नल अपडेटला मानपान. एएमडी या कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा खुला, कोड सगळ्यांना दिसणारा ड्रायव्हर ‘एएमडीजीपीयू’ मात्र २०१५पासून, ४.२ आवृत्तीपासून, कर्नलच्याच घरात वाढलाय. घर बदललं की तोही सोबत निघतो, त्याला आमंत्रण लागत नाही.

शिवाय कर्नलचं सोवळं कडक. बंद मॉड्यूल आत आलं की कर्नल स्वतःवरच ‘टेंटेड’, म्हणजे डागाळलेलं, अशी खूण करून घेतं. चक्क विटाळ! मग काही बिघडलं तर कर्नलवाले म्हणतात, आधी ते काढा, मग सांगा. शाळेच्या कपड्यांत देवघराशी गेलं की आजी अशीच परत पाठवायची.

पण जावई कर्तबगार, तिथेच तर अडतं. बंद ड्रायव्हर देणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांसाठी लोकांनी, कंपनी आतलं काही सांगत नसताना, कार्डाशी काय बोलणं चालतं ते चोरून ऐकत ‘नूवो’ हा खुला ड्रायव्हर लिहिला. २०१०च्या २.६.३३ कर्नलमध्ये तो आला. पुढे २०१४च्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून कार्डं कंपनीची सही असलेलंच फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) मानू लागली आणि नूवोला वेग वाढवता येईना. कोरी गाडी, सपाट रस्ता, आणि गिअर पहिला. त्याआधीच, २०१२ साली फिनलंडमध्ये लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सने कॅमेऱ्याकडे बघत एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. सासऱ्याने भर मांडवात जावयाचा असा उद्धार क्वचितच केला असेल.

मे २०२२मध्ये एनव्हिडियाने कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला. प्रोग्राम ज्यांतून कार्डाकडून चित्रं काढून घेतात तो ओपनजीएल, व्हल्कनचा भाग मात्र बंदच. दार उघडलं, कपाटाची किल्ली खिशात.

माझा मुक्काम अजून पूर्ण बंद ड्रायव्हरवरच आहे. पडदा उजळल्यावर ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या प्रोग्राममध्ये अर्धवट राहिलेला रेंडर (अंतिम चित्र) लावला आणि सहज टेंटेडचा आकडा पाहिला, ज्यात प्रत्येक डागाची ठरलेली रक्कम मिळवलेली असते: ४०९७. त्यातले ४०९६ बाहेरून आणलेल्या मॉड्यूलचे. उरलेला एक बंदपणाचा.