वोर की वोरे?

“स्कॉटलंडच्या लुइस बेटावर राहतेस, ठीक आहे. पण तिथल्या खडकांची नावं वहीत उतरवायला तुला सांगितलंय कुणी? आणि उतरवायचीच तर सरळ देवनागरीत उतरव की! ऐकू येतं तसं लिहिलं की स्पेलिंगची कटकटच नाही.” रत्नागिरीला गेले की हे एकदा तरी ऐकावं लागतं. आता तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते.

सांगितलं कुणीच नाही. आणि देवनागरीचा प्रयोग पहिल्याच वर्षी करून तोंडघशी पडले आहे.

शेजारच्या आजी (इथे त्यांना नावाने हाक मारतात, मला ते जमत नाही) किनाऱ्यावरची एकेक जागा सांगत होत्या. ‘स्केर नन रॉन’, म्हणजे सीलांचा खडक. मग ‘पोर्त वोर’. मोर म्हणजे मोठा आणि गेलिकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या भाषेत, म चा व होतो, एवढं मला ठाऊक होतं. ऐटीत अर्थ लिहिला : मोठं बंदर. तिथे दोन होड्या शेजारी लागत नाहीत.

आजी पोट धरून हसल्या. गेलिक विशेषणही लिंगाप्रमाणे बदलतं. आपण शेपूट बदलतो, मोठा-मोठी. ते डोकं बदलतात. बेट पुल्लिंगी, म्हणून ‘एलान मोर’. पुळण स्त्रीलिंगी, म्हणून ‘त्राय वोर’. पोर्त पुल्लिंगी, तेव्हा मोठं बंदर असतं तर ते पोर्त मोर झालं असतं. आजी म्हणाल्या होत्या ‘वोरे’. शेवटचा पुसट स्वर माझ्या कानातून निसटला. मोरे म्हणजे येशूची आई मेरी; ‘मेरीचं’ म्हणताना तिच्याही म चा व होतो, म्हणून मेरीचं बंदर. (हो, आपलं आडनावच.) लुइस आज कडवं प्रॉटेस्टंट आहे, म्हणजे मेरीची भक्ती न करणारं; नाव त्याआधीचं असावं.

गेलिकमध्ये हा व लिहिताना एमपुढे एच लावतात. मूळचा म डोळ्यांना दिसत राहतो. मी नुसता व लिहिला आणि म पुसून टाकला. इंग्रजीनेही तेच केलंय. टायरी बेटाजवळच्या स्केरीव्होर दीपगृहात १८४४ साली दिवा लागला. नावाचा अर्थ साधा, मोठा खडक; पण स्पेलिंगमध्ये व्ही बसला आणि ‘मोठा’ बुडाला. आपल्या सुवर्णदुर्गाचं तरी काय झालं? सेव्हर्नड्रूग! १७५५ साली इंग्रजांनी तो घेतला, त्याची आठवण म्हणून लंडनच्या शूटर्स हिलवर १७८४ साली मनोरा बांधला, तोही याच नावाने. सेव्हर्न ही तिकडची नदी. सोनं शोधा आता.

त्यामुळे वहीत आता चार रकाने आहेत : जुन्या नकाशातलं स्पेलिंग, आजचं स्पेलिंग, उच्चार, अर्थ. जुन्या नकाशांत भूशिराच्या स्पेलिंगमध्ये डी असतो, आता तिथे बी लिहितात; उच्चार दोन्हींचा ‘रूअ’. देवनागरी टाकलेली नाही, उच्चाराचा रकाना तिचाच.

गेल्या आठवड्यात एक नवा खडक मिळाला. स्केर स्त्रीलिंगी, म्हणजे वोर आणि वोरे दोन्ही चालतील. आजी म्हणतात, मोठा. त्यांचे भाऊ म्हणतात, भरतीला बुडणारा खडक कसला मोठा, मेरीचाच तो. ती ओळ अजून पेन्सिलीनेच आहे.