निखळलेला कायमचा दात आणि पहिला अर्धा तास

अपघातात निखळलेल्या दाताचे भवितव्य बहुतांशी दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीच ठरलेले असते, ही गोष्ट मला पुण्यातल्या पालकांपर्यंत आणि त्याहूनही अधिक शाळेतल्या क्रीडाशिक्षकांपर्यंत पोहोचवायची आहे.

मी लहान मुलांच्या दातांवर उपचार करते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकलवरून पडलेली, पोहण्याच्या तलावाच्या कडेवर तोंड आपटलेली मुले येतात, तेव्हा मार बहुतेकदा वरच्या पुढच्या दातांना लागलेला असतो. पुष्कळदा आईच्या किंवा आजोबांच्या हातात रुमालात गुंडाळलेला, नळाखाली घासून लख्ख केलेला दात असतो. तो फार काळजीने आणलेला असतो, म्हणूनच मला अधिक वाईट वाटते. दाताचे मूळ हाडाशी ज्या तंतूंनी जोडलेले असते, त्यांचा पातळ थर निखळलेल्या मुळावरही शिल्लक असतो आणि त्यातल्या जिवंत पेशींवरच दात पुन्हा रुजणे अवलंबून असते. घासल्याने तो थर निघून जातो आणि कोरड्या रुमालात त्यातल्या बहुतेक पेशी अर्ध्या तासात मरतात. तासाभरानंतर त्या वाचल्या असतील, असे धरता येत नाही.

मूल बेशुद्ध झाले असेल किंवा उलट्या होत असतील, तर दाताचा विचार बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठावे. तसे नसेल, तर दात दुधाचा नाही ना, हे पाहावे, कारण दुधाचा दात परत बसवल्यास त्याच्यामागे तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. कायमचा दात मात्र पांढऱ्या, दिसणाऱ्या भागाने धरावा, मुळाला बोट लावू नये, माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवावी आणि दात त्याच जागी सरळ बसवून मुलाला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगावे. संध्याकाळच्या गर्दीत सिंहगड रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो, हे आपण जाणतोच. त्यामुळे जागच्या जागी दात बसवण्याइतका चांगला उपाय दुसरा नाही. तेवढे धाडस झाले नाही, तर दात थंड दुधात बुडवून आणावा. दूध नसेल तर वाटीत मुलाची लाळ घेऊन त्यात ठेवावा. साधे पाणी पेशींना मानवत नाही, पण दात कोरडा पडण्यापेक्षा तेही बरे.

दवाखान्यात आम्ही तो दात बारीक, लवचिक तारेने शेजारच्या दातांना साधारण 2 आठवडे बांधतो, धनुर्वाताच्या लसीची चौकशी करतो आणि बहुधा प्रतिजैविके देतो. पुढचे उपचार मुलाच्या वयाप्रमाणे बदलतात. वरचे पुढचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, पण त्यांचे मूळ पूर्ण व्हायला आणखी सुमारे 3 वर्षे लागतात. तोवर मुळाचे टोक उघडे असल्याने आत पुन्हा रक्तपुरवठा सुरू होण्याची आशा असते आणि रूट कॅनालची घाई न करता आम्ही वारंवार तपासणी करतो. टोक बंद झालेले असेल, तर 2 आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू करावेच लागते. दात न निखळता नुसता तुटला असेल, तर तुकडा ओला ठेवून आणावा. पुष्कळदा तोच परत चिकटवता येतो.

उशीर झालेला दातही आम्ही बहुतेक वेळा बसवतो आणि पालकांना आधीच स्पष्ट सांगतो की तो हळूहळू हाडाला चिकटेल, त्याचे मूळ झिजेल आणि मूल वाढत असताना तो इतर दातांच्या तुलनेत आखूड दिसू लागेल. तरीही तो प्रयत्न करण्यासारखा आहे, कारण वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट बसवता येत नाही आणि तोवर त्या जागेचे हाड टिकवण्याचे काम हा दात करू शकतो.