रेट तोच, हातात किती?

जानेवारी २०२१. लीड्समधल्या एका विमा कंपनीत मी टेस्ट लीड (सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांची प्रमुख) म्हणून कॉन्ट्रॅक्टवर होते. स्वतःची लिमिटेड कंपनी, दिवसाला ४५० पौंड, मुदत ३१ मार्चपर्यंत. सप्टेंबरपर्यंत काम आहे, कुठे जाऊ नकोस, असं मॅनेजरने सांगून ठेवलं होतं. मग एजन्सीचा मेल आला: एक्स्टेंशन मिळेल, पण 'इनसाइड' (आयआर३५ या करनियमाच्या आत), अंब्रेलामार्फत (मला पगारावर दाखवून, कर कापून पैसे देणाऱ्या मधल्या कंपनीमार्फत), आणि रेट तोच.

आयआर३५ हा ब्रिटनमधला नियम २००० सालापासूनचा. बिल कंपनीच्या नावाने लावता पण काम नोकरदारासारखं करता, तर करही तसाच भरा, हा त्याचा गाभा. आपण या नियमाच्या आत (इनसाइड) की बाहेर (आउटसाइड), हे खासगी क्षेत्रात तोवर आमचं आम्हीच ठरवत होतो. सरकारी कामांत २०१७ पासून ते क्लायंट ठरवू लागला. आमची पाळी २०२० मध्ये यायची होती, कोविडमुळे ती ६ एप्रिल २०२१ वर गेली. निर्णय चुकला तर बोजा आपल्यावर येईल म्हणून मोठ्या कंपन्या सरसकट 'इनसाइड' म्हणत सुटल्या होत्या.

आधी मी निर्णयालाच आव्हान दिलं. क्लायंटने लेखी कारणं द्यावी लागतात आणि हरकत घेतली की ४५ दिवसांत उत्तर. माझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये बदली माणूस पाठवायची मुभा होती, जी नोकरदाराला नसते. मी त्यावर भर दिला. उत्तर आलं की प्रत्यक्षात आम्ही बदली माणूस घेणार नाही. शिवाय रोजचं काम मॅनेजर वाटून देतो. वाईट वाटलं, पण दुसरा मुद्दा मला खोडता येईना. तिथे मी थांबले आणि रेटकडे वळले.

रात्री मुलं झोपल्यावर वही उघडली. आठवड्याचे २२५० पौंड. त्यातून अंब्रेलाची फी २० पौंड. मग एम्प्लॉयरचा नॅशनल इन्शुरन्स (एनआय, सामाजिक सुरक्षेची वर्गणी), तेव्हा १७० पौंडांच्या वर १३.८ टक्के, आणि अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही (शिकाऊ कामगारांच्या प्रशिक्षणासाठीचा कर). हे मालकाने भरायचे पैसे, पण अंब्रेलात ते आपल्याच रेटमधून जातात. उरले साधारण १९७०. हा पगार, सुट्टीचे पैसे यातच धरलेले, आणि माझा कर अजून कापायचाच. ५१० चा रेट धरला तेव्हा पगार २२३४ वर आला, म्हणजे जुन्या २२५० च्या जवळ. ५१० खाली चौकट केली. त्याखाली सही करायची नाही.

एजन्सीचा मुलगा फोनवर म्हणाला, "सगळेच तोच रेट घेतायत." मी त्याला आकडे एकेक करून वाचून दाखवले आणि ५४० मागितले. तो गप्प झाला. दोन दिवसांनी ४८०. मग मी मॅनेजरशी बोलले: जूनमध्ये मोठं रिलीज आहे, नवा माणूस तयार व्हायला किती आठवडे लागतील ते तुम्हीच सांगा. एजन्सीला जे पटलं नाही ते त्यांना लगेच पटलं, कारण अडचण त्यांची होती. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ५१० आले आणि नोटीस पीरियड दोन्हीकडून चार आठवड्यांचा झाला.

मधल्या काळात एका अंब्रेलाने ८५ टक्के हातात देऊ असं सांगितलं. उरलेली रक्कम 'कर्ज' म्हणून येणार होती. असल्या योजनांत पुढे कर खातं आपल्याच दारात उभं राहतं, म्हणून तो फोन मी तिथेच ठेवला. दुसरी धास्ती जुन्या वर्षांची होती: काल आउटसाइड, आज त्याच खुर्चीत इनसाइड, मग मागचं उकरणार का? फसवणुकीचा संशय नसेल तर केवळ या बदलावरून जुन्या वर्षांची नवी चौकशी उघडणार नाही, असं एचएमआरसीने, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याने, जाहीर केलं होतं. ते पान मी छापून फाइलला लावलं.

एप्रिलमध्ये पहिली पेस्लिप आली. 'एम्प्लॉयर एनआय'ची ओळ वर होती, कर खाली. ग्रॉसचा आकडा वहीतल्याशी ताडून पाहिला. जुळला.