चार पानं हातात, वापरायची दोनच

दिवाळीच्या सुट्टीत शिवाजी पेठेतल्या घरी, गच्चीवर, मामाला ओमाहा, म्हणजे पोकरचा एक प्रकार, शिकवत होतो. पानं उचलून त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "दोनच वापरायची तर चार दिलीस कशाला लगा?"

मेलबर्नमध्ये मी हे कुणाला विचारलं नव्हतं. ऑफिसमधला एक जण महिन्यातून एकदा शनिवारी घरी डाव मांडतो. पोकरचा दुसरा प्रकार, होल्डेम, मला येत होता: हातात दोन, मधे सगळ्यांसाठी उघडी पाच, सातातली कुठलीही पाच घ्या. ओमाहात हातात चार येतात, मधे तीच पाच, पण डाव बांधायचा तो हातातली नेमकी दोन आणि मधली नेमकी तीन घेऊनच. माझ्याकडे किलवरचा एक्का, बाकी तिन्ही पानं लाल. मधे किलवरची चार. एक्क्याचा कलर, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं, झाला असं धरून मी पॉटइतकं, म्हणजे मधे जमलं होतं तेवढं, लावलं. समोरच्याकडे किलवरची सत्ती आणि पंजी होती.

यजमानानं पॉट तिकडं सरकवला नाही. माझी चार आणि मधली पाच पानं सरळ ओळीत लावली आणि म्हणाला, "तुझी दोन निवड." मी एक्क्यावर बोट ठेवलं. दुसरं किलवर नव्हतंच. टेबलावरची पाच माणसं थांबली होती, कुणी घड्याळाकडं बघितलं नाही. पुढचे तीन डाव सगळे पानं उघडी ठेवून, काही न लावता खेळले, फक्त मला कळावं म्हणून. परक्या गावात माझ्यासाठी इतकं थांबलेलं मला आठवत नाही.

आपल्याकडं तीन पत्ती कुणी शिकवत नाही. मी मामाच्या पाठीमागं उभा राहून शिकलो, आणि नियम एकच होता: मागनं बोलायचं नाही. त्या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता, खेळणाऱ्याचा चेहरा वाचायला मी तिथंच शिकलो आणि ते मेलबर्नमध्ये कुणालाच येत नाही.

आई म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन हेच शिकलास?" अख्ख्या रात्रीचे दहाच डॉलर. आणि त्या टेबलामुळं मला शनिवारी बोलायला माणसं मिळाली. गच्चीवर तर आम्ही चिंचोक्यांवरच खेळलो.

मामा अडला तो कलरवर. तीन पत्तीत सिक्वेन्स, म्हणजे ओळीनं आलेली पानं, कलरच्या वर, इथं उलटं कसं? मी आकडे मांडले. तीन पानांत नुसते कलर 1,096 होतात आणि सिक्वेन्स 720, म्हणून सिक्वेन्स भारी. पाच पानांत कलर 5,108 आणि सिक्वेन्स 10,200. जे कमी वेळा येतं ते वर. हे त्याला लगेच पटलं. चार पानांतून दोनाच्या सहा जोड्या निघतात, म्हणून चार देतात, हेही पटलं. हातात चारही एक्के आले तरी ती एक्क्यांची जोडीच धरायची आणि पाचवा एक्का काही येत नाही, यावर मात्र तो बराच वेळ गप्प बसला.

मग चुलतभावाचा धाकटा मागनं बोलला, "आजोबा, बदामाची दोन आहेत की तुमच्याकडं."

मामा ओरडला नाही. चारही पानं त्यानं पोरासमोर उघडी टाकली.

"कुठली दोन? दाव बघू."